विचारून घेणाऱ्या निमगडेबाई

निमगडेबाईंना ‘हो’ या शब्दाचा भारी संशय होता. कोणी पटकन हो म्हटलं की त्या चष्मा कपाळावर सरकवून त्या माणसाकडे अशा बघत राहायच्या, की बिचाऱ्याला आपण काहीतरी चोरलंय असं वाटायला लागे.

मी त्यांच्यासमोर पहिल्यांदा बसले तेव्हा माझंही हेच झालं. भद्रावतीच्या फॅक्टरी कॉलनीत वाढलेली, इंग्रजी शाळेत शिकलेली, नुकतीच बी.एस्सी. झालेली मुलगी होते मी. चार माणसांत मला बोलता येत नसे. गडचिरोली जिल्हा तेव्हा नुकताच वेगळा झाला होता. तिथे एका भाड्याच्या घरात आमच्या सर्वेक्षणाचं ऑफिस होतं. जंगलातल्या गावांमध्ये सिकलसेलचा आजार किती पसरलाय हे शोधायचं काम होतं. या आजारात रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, सांधे ठणकतात, लहान मुलं पिवळी पडून दगावतात. काहींच्या रक्तात त्याचा नुसता अंश असतो. त्यांना स्वतःला फारसा त्रास होत नाही, पण नवरा-बायको दोघांतही तो असला तर मुलाच्या वाट्याला आजार येऊ शकतो. बाई या कामावरच्या डॉक्टर, आणि मी सहायक म्हणून अर्ज केला होता.

“जंगलात फिरावं लागेल.”

“हो.”

“जीपमध्ये मागे, पेट्यांच्या मधे बसावं लागेल.”

“हो.”

“परवा एका घरी लाल मुंग्यांची चटणी वाढली होती. खाशील?”

“हो.”

बाईंनी पेन खाली ठेवलं. चष्मा कपाळावर गेला. “तुला नाही म्हणताच येत नाही का गं?”

“हो,” मी म्हटलं.

दारात उभे असलेले ड्रायव्हर लतीफभाई तोंड फिरवून हसले. बाई मात्र गंभीर. “बकरीच्या दुधाचा चहा मागवू?”

“न... नाही.”

“सुटली बापा एकदाची,” त्या म्हणाल्या. “सोमवारपासून ये.”

बाई ब्रह्मपुरीकडच्या. घर शेतमजुराचं. वडिलांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्या वर्षी बाई पाळण्यात होत्या, असं त्या अभिमानाने सांगायच्या, जणू त्यात त्यांचाही काही हात होता. अंगाने आडव्या, रंगाने काळ्याभोर, सुती साडीखाली कॅनव्हासचे बूट. सभेत त्या माझ्यासारखंच पुस्तकी मराठी बोलायच्या, पण गावात उतरल्या की बोली बदलायची आणि आवाजही दुप्पट व्हायचा. जीपमध्ये बसल्या बसल्या घोरायच्या. पालीला घाबरायच्या. रेस्ट हाऊसच्या भिंतीवर पाल दिसली की एवढी मोठी डॉक्टरीण पलंगावर चढून “लतीफभाई! लतीफभाई!” अशी हाक मारायची. कॅरममध्ये सर्रास लबाडी करायच्या. आणि जेवताना त्यांच्या शेजारी बसायची सोय नव्हती. नको म्हणायच्या आत ताटात भात पडलेला असायचा. “अंबाडीची भाजी घे. घेच. बारीक आहेस किती!” दुसऱ्याच्या ताटापुरती त्यांना कुणाची परवानगी लागत नसे. लतीफभाई म्हणायचे, “रक्त घ्यायला पुसते, भात द्यायला नाई पुसत.”

या आजाराचं त्यांचं एवढं वेड कुठून आलं, ते मला हळूहळू कळलं. त्यांचा धाकटा भाऊ लहानपणीच गेला होता. त्याचे गुडघे सुजायचे, तो कळवळायचा. गावात कोणी वात म्हणे, कोणी आणखी काही. “त्याला काय झालं होतं ते मला मेडिकलच्या दुसऱ्या वर्षी पुस्तकात कळलं,” एवढंच त्या एकदा आलापल्लीच्या रस्त्यावर बोलल्या. त्यानंतर त्यांनी स्वतःचं रक्त तपासलं होतं. त्यात अंश निघाला होता. हे सर्वेक्षण पुरं झालं की त्या भागात या आजाराचा वेगळा दवाखाना मागायचा, असं ठरलं होतं. बाई या एका दवाखान्यासाठी जगत होत्या म्हटलं तरी चालेल.

म्हणून आश्रमशाळेत त्यांनी जे केलं त्याचा मला अर्थच लागेना.

ती निवासी शाळा होती, मुलं दूरदूरच्या गावांची. आम्ही पोचलो तेव्हा हेडमास्तरांनी सगळ्यांना मैदानात रांगेत उभं केलं होतं. “सगळे तयार आहेत बाई. पालकांचे अंगठे घेऊन झाले. आज संध्याकाळपर्यंत उरकून टाकू.”

बाईंनी रांगेवरून नजर फिरवली. “पोरंहो, रक्त देसाल?”

“होऽऽ!” मैदान दणाणलं.

“काऊन देसाल?”

मुलं एकमेकांकडे बघू लागली. बाईंचा चष्मा वर गेला. मग त्यांनी तितक्याच गोड आवाजात विचारलं, “तुमचे कान कापून नागपूरले नेऊ का?”

“होऽऽ!”

हेडमास्तर हसले. लतीफभाईही हसले. बाई हसल्या नाहीत. त्यांचा चेहरा एकदम उतरला. त्या वळून म्हणाल्या, “पेट्या परत ठेवा.”

“अहो बाई, पोरं गंमत करून राह्यले.”

“गंमत नव्हती सर. त्यांनी ऐकलंच नाही. तुम्ही इथे उभे आहात ना, तो हो तुम्हाला होता.”

हेडमास्तर दुखावले. माणूस वाईट नव्हता, मुलांना वेळेवर जेवू घालणारा होता. पण त्याच्या शाळेत हो या उत्तराची सवयच पडली होती. पुढच्या आठवड्यात बाई परत गेल्या आणि वरच्या वर्गातली मुलं-मुली घेऊन शाळेमागच्या मोहाच्या झाडाखाली मातीत बसल्या. शिक्षकांना त्यांनी ऑफिसात थांबायची विनंती केली. मला एका कडेला बसवलं.

“आत्ताच रक्त घ्याचं नाई,” त्या म्हणाल्या. “आंधी नाई म्हनाची प्रॅक्टिस. मी काईबी मागीन. तुमी नाई म्हना. ए, तुह्या सदरा दे मले.”

तो मुलगा खरंच गुंडी काढायला लागला. पोरं खिदळली.

“नाई म्हन ना बापा! मी का घालू तुह्या सदरा?”

“न... नाई.”

“जोरानं!”

मग कोणाची पेन्सिल, कोणाची वेणीची रिबीन, कोणाच्या वाटणीचं वरण. थोड्या वेळाने पोरं इतकी रंगली की “नाईऽऽ” अशी आरोळी शाळेच्या पत्र्यापर्यंत जायला लागली. हेडमास्तर खिडकीतून डोकावून गेले. मुलांना इतकं मोठ्याने नाही म्हणताना त्यांनी बहुतेक पहिल्यांदाच ऐकलं असावं.

“आता खरं पुसते,” बाई म्हणाल्या. “रक्त देसाल का? आन त्याच्या आंधी तुमाले काय पुसाचं हाय?”

आधी मुलं एकमेकांना ढोसत राहिली. मग एकाने विचारलं आणि जणू बांध फुटला.

“रक्त कुठी नेता?”

“विकता का?”

“कागदावर माह्यं नाव राहीन का? कोनाकोनाले दिसन?”

“काय निघालं ते आमाले सांगाले येसाल, का तिकडंच ठेवसाल?”

“नाई म्हटलं त सर जेवन बंद करन का?”

एका मुलीने गुडघ्यात मान घालून विचारलं, “बाबानं अंगठा देल्ला. आता मी नाई म्हटलं त घरी मार बसन.”

बाई तिच्याकडे सरकल्या. “मग मी सांगीन, माही सुई बोथट होती, रक्तच आलं नाई. शिव्या मले खाऊ दे. मले सवय हाय.”

मी ऐकत होते. माझ्या शाळेत आम्हाला कितीतरी इंजेक्शनं दिली गेली होती, ओळीत उभं करून. यातला एकही प्रश्न माझ्या मनात कधी आला नव्हता.

शेवटी मागे बसलेला एक उंच मुलगा म्हणाला, “तुमचं पाह्यलं का रक्त?”

“पाह्यलं. त्यात विळा हाय.”

पोरं जवळ सरकली.

“मंग तुमचं लग्न?”

मला वाटलं आता बाई रागावणार. त्यांचा राग मला माहीत होता. पण त्यांनी सरळ सांगितलं, “ठरलं होतं. मी त्याईले रक्ताचं सांगितलं. मोडलं.”

“मंग आमचंबी मोडन.”

“मोडू शकते,” बाई म्हणाल्या. “मी खोटं नाई सांगत. म्हनूनच पुसून राह्यली.”

त्या दिवशी अर्धी मुलं पुढे आली, अर्धी नाही आली. हेडमास्तर म्हणाले, “तुम्ही घाबरवलं पोरांना.” परत येताना जीपमध्ये मी बाईंच्या तोंडाकडे चोरून बघत होते. एवढा दूरचा रस्ता, एवढी वणवण, आणि हाती अर्धं काम. बाई मात्र खुशीत होत्या. “काय प्रश्न विचारले गं!” त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. “कागद कोणाला दिसेल, म्हणे. आमच्या सर्वेक्षणाच्या कमिटीत कुणी विचारलं नाही हे.”

अशा बाईंची चूक झाली ती एटापल्लीच्या पलीकडच्या एका माडिया आदिवासी गावात.

त्या गावात विळ्याचा आजार फार होता. घराघरात पिवळी पडलेली मुलं होती. नागपूरचे मोठे सर, ज्यांच्या हाताखाली हे सर्वेक्षण चाललं होतं, त्यांनी सांगून ठेवलं होतं की हे गाव पुरं झालं तरच अहवालाला वजन येईल. गावाच्या मधोमध गोटूल होतं, मोठं गवती छप्पर. गाव तिथे बसतं, तरुण मुलं-मुलीही तिथेच जमतात. तिथे जे ठरतं ते सगळ्यांचं. सगळ्यांचं एक होईपर्यंत बसून राहायचं, ही तिथली रीत. बाईंना या रीतीचं फार कौतुक. “इथे कोणी साहेब उभा नसतो,” त्या म्हणायच्या. दुपारी त्या तरुणांशी बोलल्या, सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. मग आम्ही बाजूला झालो. माडिया भाषेत त्यांचं आपसातलं बोलणं ऊन कलेपर्यंत चाललं. शेवटी एक मुलगा येऊन म्हणाला, “गोटूल हो म्हनते.”

बाईंचा चेहरा उजळला. जन्मभर ज्यांनी प्रत्येक हो उलटून पालटून पाहिला, त्यांनी हा एक हो तसाच उचलून घेतला. त्यांना तो फार सुंदर वाटला होता, मला तेव्हा तसं वाटलं.

सकाळी गोटूलच्या छपराखाली टेबल मांडलं. मी काचपट्ट्या पुढे करत होते, बाई बोटं टोचत होत्या. रांग हसतखेळत चालली होती. मग रुपी आली. सतरा-अठराची असेल, काही वर्षं आश्रमशाळेत काढलेली, त्यामुळे मराठी चांगलं बोलायची. तिने बोट पुढे केलं, थेंब काचेवर घेतला गेला, आणि ती तिथून हलेना.

“झालं ना बाई,” निमगडेबाई म्हणाल्या. “का होऊन राह्यलं?”

“गोटूलनं हो म्हटलं.”

“हो.”

“मी नाई म्हटलं होतं.”

“कोनाले?”

“मनात.”

मागची पोरं फिसकन हसली. एक जण म्हणाला, “आता टोचून झाल्यावर सांगते!”

रुपीने त्याच्याकडे पाहिलंही नाही. “आमी पोरी मागं बसलो होतो. पुढच्याईनं ठरवलं. आमाले कोनी पुसलं नाई.” मग थोडं थांबून ती म्हणाली, “भात निघाल्यावर माह्यं लग्न हाय. इथं समदे उभे हायत. माह्यावालं खराब निघालं त समद्याईले समजते.”

 बाई त्या काचपट्टीकडे बघत होत्या.  मग त्यांनी काच उचलली आणि रुपीच्या हातात दिली. “तुही हाय. घेऊन जा.”

रुपीने मोहाचं एक पान घेतलं, काच पुसली आणि टेबलावर परत ठेवली.

मला वाटलं, झालं, आता पुढचा माणूस. पण बाई उठल्या. सकाळपासून घेतलेल्या सगळ्या काचांचा ट्रे त्यांनी उचलला आणि गोटूलमागे एका झाडाखाली नेऊन ठेवला. तिथे त्यांनी एकेकाला एकटं बोलावलं. मी नावाच्या चिठ्ठीप्रमाणे काच काढून द्यायची आणि लांब उभं राहायचं. बाई विचारत होत्या, “ठेवू का?” काही जण ठेवा म्हणाले. पुष्कळ जणी नाही म्हणाल्या. ज्या नाही म्हणाल्या त्यांच्या काचा बाईंनी स्वतः पातेल्यातल्या पाण्यात धुतल्या. पाणी गुलाबी होत गेलं. त्या पाण्याबरोबर काय वाहून चाललं होतं हे त्यांच्याइतकं दुसऱ्या कोणाला माहीत नव्हतं. हात मात्र थांबले नाहीत.

गावातला एक म्हातारा चिडून आला. गोटूलने दिलेला शब्द डॉक्टरबाई परत करताहेत, हा त्याला गावाचा अपमान वाटला. “गावानं देल्लं, तुमी वापस काऊन करता?”

बाईंनी ओले हात जोडले. “गोटूलची चूक नाई भाऊ. गोटूलनं गावाचं सांगितलं. एकेकाले मी पुसाचं होतं. ते माह्यं काम होतं, मी नाई केलं.”

म्हाताऱ्याने त्या ओल्या हातांकडे पाहिलं. मग तो वळून गेला. दुपारी त्याच्याच घरून आम्हाला भात आणि भाजी आली. बाईंनी त्या दिवशी कोणाच्या ताटात काही जबरदस्तीने वाढलं नाही.

मोठे सर नंतर गडचिरोलीला आले. ऑफिसच्या पातळ भिंतीमागून मला सगळं ऐकू येत होतं. ते ओरडले नाहीत, ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, “निमगडे, तिथे मुलं मरताहेत. हे गाव पुरं झालं असतं तर दवाखान्याची मागणी भक्कम झाली असती. एका मुलीच्या मनातल्या नाहीसाठी तुम्ही त्या मुलांचं नुकसान केलंत. खरं की नाही?”

“खरं आहे सर,” बाई म्हणाल्या.

मी दचकले. मला वाटलं होतं त्या भांडतील.

“मग?”

“मग मी परत जाईन. औषधाच्या गोळ्या देईन. विचारीन. नाही म्हणाले तर परत येईन.”

“आणि अहवाल?”

“जेवढं दिलं तेवढ्याचा होईल.”

“ते गाव गाळावं लागेल. दवाखान्याचं मग माझ्या हातात राहणार नाही.”

“हो सर.”

बाई बाहेर आल्या. त्यांचे डोळे लाल होते. मी उठून उभी राहिले. त्यांनी कोपऱ्यातला कॅरम ओढला. “चल, एक डाव.” त्या डावात त्यांनी माझ्या डोळ्यांदेखत राणी हाताने ढकलली आणि मी काही म्हटलं नाही.

त्या गावात आम्ही पुन्हा गेलो तेव्हा नुकतंच भात निघालं होतं. खळ्यांवर पेंढा होता. बाईंनी टेबल मांडलंच नाही. घरोघर जाऊन आजारी मुलांना गोळ्या दिल्या, आयांना पाणी किती पाजायचं ते समजावलं. सूक्ष्मदर्शकाची पेटी जीपमध्येच होती. निघायच्या वेळी रुपी जीपजवळ आली.

“पेटी आनली का?”

“आनली.”

“माह्यं पाहा.”

बाई लगेच हो म्हणाल्या नाहीत. “काऊन आता?”

“मले जानाचं हाय. लग्नाच्या आंधी. पन गावाले सांगाचं नाई, बाबाले सांगाचं नाई. होनाऱ्या नवऱ्याले सांगाचं त मीच सांगीन.”

“बरं. आन हिले?” बाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं.

रुपीने माझ्याकडे नीट पाहिलं. इतकं नीट मला फार कमी माणसांनी पाहिलं असेल. “हिलेबी नाई,” ती म्हणाली.

मी पेटी बाईंच्या हातात दिली आणि जीपमध्ये जाऊन बसले. मला वाईट वाटलं नाही. खरं सांगायचं तर मनात काहीतरी ताठ उभं राहिलं, त्या मुलीविषयी आणि तिला असं विचारणाऱ्या बाईंविषयी.

त्या हिवाळ्यानंतर मी काम सोडलं, पुण्याला शिकायला गेले. बाई पुढेही त्याच भागात राहिल्या. दवाखाना बरीच वर्षं झाला नाही. पण बाई डोळ्यांसमोर येतात त्या त्याच दुपारच्या.

बाई आणि रुपी नदीकडे चालत गेल्या. बाईंनी एका सपाट खडकावर सूक्ष्मदर्शक ठेवला, आरसा उन्हाकडे फिरवला. थेंब घेतला, काच बंद केली, आणि पेशी वाकतात का याची दोघी वाट बघत बसल्या. रुपी काहीतरी सांगत होती, बाई मान हलवत होत्या. मग बाईंनी नळीला डोळा लावला. बराच वेळ पाहिलं. मग बाजूला सरकून त्यांनी रुपीला जागा करून दिली. रुपी गुडघ्यांवर वाकली, एक डोळा तळव्याने झाकून घेतला आणि स्वतःचं रक्त बघायला लागली.

तिला काय दिसलं ते मला आजही माहीत नाही. ती उठली, पुन्हा वाकून बघितलं, मग बाईंच्या शेजारी खडकावर बसली. बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला नाही, काही समजावलंही नाही. रुपी बोलायला लागली तेव्हा फक्त तिच्याकडे तोंड करून बसल्या.

जीपच्या आरशात त्या दोघी दिसत होत्या. लतीफभाई हलक्या आवाजात म्हणाले, “काय निघालं असन?”

“माहीत नाही,” मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. मग हात वर करून आरसा हळूच जंगलाकडे फिरवून ठेवला.